टाकी आपली, मैलाही आपला



आजचा विषय पत्रिकेत छापून आला तेव्हा दोघा-तिघांनी कार्यवाहांना फोन करून विचारले म्हणे, "छापताना काही चूक तर झाली नाही ना?" चूक झालेली नाही. विषय घरची सेप्टिक टाकी हाच आहे. ती चालते कशी, बिघडते कशाने आणि तिची निगा कोणी राखायची, एवढेच मला बोलायचे आहे. पंजाबात जमलेल्या मराठी माणसांपुढे नामदेवांवर बोलावे, घुमानवर बोलावे, पानिपतावर बोलावे. तसे बोलणारे, माझ्याहून कितीतरी अधिकारी लोक इथे येऊन गेले आहेत. पण ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची सारी नोकरी पाणी आणि सांडपाणी यांत गेली. त्यांच्या नावाने एकदा तरी जमिनीखाली डोकावायला हरकत नसावी.

आणि हा विषय मराठी माणसाला परका कधी होता? गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम आपल्याला मिळावे म्हणून हट्ट धरला, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनी येरवड्यात उपोषण आरंभले. पुढे कणकवलीला गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी संडासांचे प्रयोग केले. त्या प्रयोगांपासून स्फूर्ती घेऊन देहूच्या डॉ. सुहास मापुसकरांनी संडासाला जोडायचे बायोगॅस संयंत्र तयार केले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. या विषयावर उभे आयुष्य घालवणारी माणसे आपल्याकडे होऊन गेली. आपण तासभर घालवू.

सांगायचे एकच आहे, ते आधीच सांगून टाकतो. सेप्टिक टाकी मैला नाहीसा करत नाही. ती तो साठवते, थोडा जिरवते आणि उरलेला आपल्या हवाली करते. टाकी ज्याची, मैला त्याचा. बाकी सगळा या एका वाक्याचा विस्तार समजा.

पहिला मुद्दा : टाकी कोणाच्या घरी असते?

तुमच्यापैकी चंदीगडच्या सेक्टरांत राहणारे म्हणतील, आम्हाला याचे काय? बरोबर आहे. ७ ऑक्टोबर १९५३ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी या शहराचे उद्घाटन केले. ल कॉर्बुझिए यांचे नाव सर्वांना ठाऊक असते. उघडा हात, उच्च न्यायालयाची इमारत, सुखना तलाव, पाहुण्यांना आपण हे सगळे दाखवतो. पण ज्या गोष्टीमुळे हे शहर राहण्याजोगे झाले, ती कोणत्याही पाहुण्याला दाखवता येत नाही, कारण ती रस्त्याखाली आहे. शिवालिकच्या पायथ्यापासून ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे जमिनीला उतार आहे. त्या उताराचा फायदा घेऊन इथल्या मलवाहिन्या टाकल्या. पावसाचे पाणी निराळ्या नळांतून, मैलापाणी निराळ्या नळांतून. घरात साखळी ओढली की मैला आपल्या पायांनी चालू लागतो. घरमालकाला त्याची आठवणसुद्धा ठेवावी लागत नाही.

पण हे सुख कुठवर? नकाशावरच्या रेघेपर्यंत. शहराभोवती अनिर्बंध बांधकाम होऊ नये म्हणून १९५२ सालीच परिसर नियंत्रणाचा कायदा झाला होता. तरीही नयागाव वाढले, झिरकपूर वाढले, खरड वाढले. अशा वाढीचा क्रम आपल्या सगळ्या देशात एकच असतो. आधी माणसे येतात, मग वीज येते, मग पाणी येते आणि मलवाहिनी सगळ्यांच्या शेवटी येते. ती येईपर्यंत काय? प्रत्येकाच्या पायरीखाली किंवा पार्किंगखाली एक टाकी.

आणि दुसरे असे की आपल्यापैकी कितीजणांचे निवृत्तीनंतरचे घर गावी आहे? कोणाचे साताऱ्याला, कोणाचे चिपळूणला, कोणाचे अमरावतीजवळ. महाराष्ट्रातल्या बहुतेक लहान शहरांत भुयारी गटार नाही. तीस वर्षे सेक्टरात राहून मैल्याचा विसर पडलेला माणूस गावी बंगला बांधतो, ग्रॅनाइट स्वतः निवडतो, नळाच्या तोट्या स्वतः निवडतो आणि टाकीचे मात्र गवंड्याला सांगतो, "ते तुम्ही बघून घ्या." गवंडी बघून घेतो. म्हणजे काय करतो, ते पुढे येईलच.

दुसरा मुद्दा : टाकीच्या आत काय चालते?

ही युक्ती तशी जुनी नाही. फ्रान्समध्ये व्हेझूल गावच्या मुरास नावाच्या गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकात अशी बंद टाकी बांधली आणि १८८१ साली तिचे पेटंट घेतले. इंग्लंडमध्ये एक्सिटर इथे डोनाल्ड कॅमेरॉन यांनी १८९५ साली टाकी बांधली आणि तिला आजचे नाव दिले. मग ती आपल्याकडे कधी आली? दोनच वर्षांत. आणि आली ती मुंबईला, माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात. तिथे नुसती टाकी बांधली नाही, तर टाकीतून निघणारा वायू धरून त्यावर दिवे लावले. हा आश्रम उभा करणारे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर म्हणजे हॅरी अ‍ॅकवर्थ. नाव ओळखीचे वाटते? शंकर तुकाराम शाळिग्रामांबरोबर ज्यांनी आपले ऐतिहासिक पोवाडे गोळा करून छापले, तेच हे अ‍ॅकवर्थ. तानाजीचा पोवाडा आणि सेप्टिक टाकी, दोन्ही वाटा एकाच साहेबाच्या दारावरून जातात. असो.

आता आत डोकावू. मैलापाणी टाकीत शिरते ते टी-आकाराच्या नळातून. नळाचे तोंड पाण्याच्या पातळीखाली असते, म्हणजे आलेले पाणी आतले पाणी ढवळत नाही. टाकीचे सारे काम या निवांतपणावर चालते. पाणी दिवस-दीड दिवस थांबले की जड भाग तळाला बसतो, तो गाळ. तेल, तूप, साबण आणि हलका मैला वर येतो आणि तापवून ठेवलेल्या दुधावर साय धरावी तसा जाड थर धरतो. मध्ये राहते ते गढूळ पाणी. टाकीतून बाहेर जाते ते फक्त हे मधले पाणी. बाहेरच्या नळाचे तोंडही सायीच्या खाली असते म्हणून.

मग गाळाचे काय होते? हवेशिवाय जगणारे जिवाणू त्यावर काम करतात. ते गाळ खातात, त्याचा काही भाग वायू होतो, काही पाण्यात विरघळतो. पण सगळा नाही. वाळू, राख, केस, न पचणारे तंतू राहतातच. शिवाय हे जिवाणू थंडीत मंदावतात. कोकणात वर्षभर चालणारे काम इथल्या पौष-माघात रेंगाळते. म्हणून 'आमची टाकी वीस वर्षांत एकदाही उपसली नाही' असे कोणी अभिमानाने सांगितले, तर समजावे की टाकीचा तळ फुटलेला आहे, नाहीतर गाळ गटारात वाहून जातो आहे. तिसरी शक्यता फारशी नसते.

माप किती असावे? भारतीय मानक २४७० मध्ये ते दिलेले आहे. पाच माणसांच्या घराला आतून दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि एक मीटर पाण्याची खोली. वर तीस सेंटिमीटर मोकळी जागा. आणि हे माप कोणत्या हिशेबाने? दर दोन वर्षांनी उपसा होईल या हिशेबाने. दोन हजार लिटरपेक्षा मोठी टाकी असेल तर मध्ये भिंत घालून दोन कप्पे करावेत, पहिला कप्पा दुसऱ्याच्या दुप्पट. सगळे इतके साधे आहे. मग गवंडी काय करतो? तो टाकी तिप्पट मोठी करतो, म्हणजे मालक खूश. मधली भिंत गाळतो, म्हणजे विटा वाचल्या. तळाला काँक्रीट घालत नाही, म्हणजे 'पाणी आपोआप जिरते'. ते जिरते, खरे आहे. जिरून कुठे जाते? शेजारच्या बोअरमध्ये.

तिसरा मुद्दा : टाकीतून बाहेर पडलेले पाणी

इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. बाहेर पडणारे पाणी दिसायला बरे दिसते. पण ते स्वच्छ नसते. टाकी पाण्यातली घाण साधारण निम्म्याने कमी करते. कावीळ, हगवण, जंत यांची बीजे त्यात जिवंत असतात. म्हणून टाकी हे अर्धेच काम झाले. उरलेले अर्धे माती करते. शोषखड्डा किंवा सच्छिद्र नळांचे चर खणून ते पाणी जमिनीत हळूहळू मुरू द्यायचे, म्हणजे मातीतले जिवाणू उरलेली घाण खातात.

पण माती सगळीकडे एकसारखी आहे का? विदर्भातली काळी माती पाणी धरून बसते, शोषखड्डा पावसाळ्यात भरून वर येतो. कोकणातल्या जांभ्यातून पाणी भराभर खाली जाते, गाळले जायला वेळच मिळत नाही आणि विहीर नासते. इथली नदीगाळाची माती बरी. पण जिथे भूजल वर आहे तिथे शोषखड्ड्याला खाली जागाच उरत नाही. मानक सांगते, शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान अठरा मीटर आणि घरापासून सहा मीटर दूर हवा. वीस बाय पन्नास फुटांच्या प्लॉटवर अठरा मीटर आणायचे कुठून? नाहीच येत. अशा ठिकाणी शोषखड्डा हे उत्तर नव्हे. तिथे टाकीतले पाणी झाकलेल्या नळातून सामायिक प्रक्रियेपर्यंत नेणे भाग आहे आणि ते एकट्या घराला जमत नाही, गल्लीने मिळून मागावे लागते.

प्रत्यक्षात मात्र बहुतेक ठिकाणी होते काय? टाकीचा नळ सरळ उघड्या गटारात. गटार ओढ्यात. इकडे ओढ्याला 'चो' म्हणतात; सुखना चो पुढे घग्गरला मिळतो. म्हणजे तुमच्या पायरीखालचे पाणी घग्गरपर्यंत पोचते आणि वाटेत कोणाच्या तरी भाजीच्या मळ्यात थांबते. तीच भाजी तुम्ही मंडीतून आणता. मैला नाहीसा होत नाही, असे मी सुरुवातीला म्हणालो ते यासाठी.

चौथा मुद्दा : निगा

आता घरच्या माणसांनी लक्ष द्यावे असा भाग. निगा म्हणजे मुख्यतः काय करू नये याची यादी. संडासात पाण्याशिवाय काही टाकू नये. सॅनिटरी पॅड, बाळाचे डायपर, वेट वाइप्स, केस, चहाचा चोथा, सिगारेट, काही नाही. स्वयंपाकघरातले तेल टाकीत जाऊ देऊ नये. ते सायीचा थर जाड करते आणि नळ बुजवते. अ‍ॅसिड आणि फिनाईल बेताने. बाटलीच्या बाटली ओतली तर पांढरे भांडे चकचकीत होते आणि टाकीतले जिवाणू मरतात. पावसाचे पाणी टाकीत सोडू नये, ते सगळा गाळ ढवळून बाहेर नेते. टाकीवर गाडी उभी करू नये. टाकीजवळ पिंपळ, वड, उंबर लावू नये.

बाजारात पाकिटे मिळतात. 'महिन्यातून एक टाका, टाकी कधीच उपसावी लागणार नाही.' खोटे आहे. नव्या टाकीत सुरुवातीला थोडे शेण टाकतात, ते चालते. एरवी जिवाणू विकत आणावे लागत नाहीत, ते आपण सगळेजण रोज फुकट पुरवत असतो.

व्हेंट पाइप छपराच्या वर न्यावा आणि त्याच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी. ही जाळी कशाला? टाकीत क्युलेक्स डास वाढतात आणि हत्तीपायाचा रोग तेच पसरवतात. नागपूर-गडचिरोलीकडच्या मंडळींना हे सांगायला नको. दहा रुपयांच्या जाळीने जे होते ते हजारो रुपयांच्या फवारणीने होत नाही.

आणि टाकी भरली हे कळायचे कसे? ती तुंबेपर्यंत वाट पाहायची का? नाही. एक सोपी पद्धत आहे. झाकण काढून बराच वेळ उघडे ठेवा. जवळ विडी-काडी नको, लहान मुले नकोत, तोंड भोकावर नको. दोन मीटरची काठी घ्या, तिच्या खालच्या टोकाला पांढरे फडके घट्ट गुंडाळा, दोऱ्याने बांधा. उभ्यानेच ती काठी सावकाश तळापर्यंत सोडा, दोन-चार मिनिटे तशीच राहू द्या आणि अलगद वर काढा. फडक्याच्या खालच्या भागावर काळा गाळ चिकटलेला दिसेल आणि एका ठिकाणी तो संपून वर नुसता ओला गढूळ डाग राहील. ती सीमारेषा म्हणजे गाळाची उंची. गाळ आणि साय मिळून पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांश झाले, म्हणजे मीटरभर खोलीत साधारण दीड वीत, की गाडी बोलवायची. उपसताना थोडा जुना गाळ तळाला राहू द्यावा, म्हणजे काम पुन्हा लवकर सुरू होते. उपसा झाला की टाकी लगेच पाण्याने भरावी; विशेषतः प्लास्टिकची हलकी टाकी रिकामी ठेवली आणि खाली भूजल वर असले तर ती जमिनीतून उचलली जाते.

पाचवा मुद्दा : उपसतो कोण?

आता मी अवघड भागाकडे येतो.

मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यात सेप्टिक टाकी साफ करताना पाच जण गेले. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडीच्या एका खासगी सोसायटीच्या टाकीत तीन कामगार गेले; त्यांच्या विधवांना प्रत्येकी दहा लाख रुपये द्यावेत असे उच्च न्यायालयाला २०२१ साली सांगावे लागले. ही सगळी माणसे मरतात कशी? बुडून नव्हे. टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठतो, मिथेन साठतो, प्राणवायू उरत नाही. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, म्हणून लोकांना वाटते की वास नाही म्हणजे धोका नाही. उलट आहे. हा वायू दाट असला की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो. माणूस खाली उतरतो, वास थांबतो, त्याला बरे वाटते आणि पुढच्या क्षणी तो कोसळतो. वरचा त्याला वाचवायला उतरतो. मग तिसरा उतरतो. अशा बातम्यांत मृतांचा आकडा एकावर क्वचित थांबतो, तो यामुळे. आणि आत प्राणवायू आहे का ते मेणबत्ती सोडून बघणे? मिथेनच्या टाकीत मेणबत्ती? विचार करा.

२०१३ च्या कायद्याने अशा धोकादायक सफाईला माणूस लावणे हा गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या कुटुंबाला दहा लाख द्या म्हटले, २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. कायदा आहे, निकाल आहेत. तरी माणसे उतरतात. का? कारण टाकी पंधरा वर्षे विसरली जाते. गाळ दगडासारखा घट्ट होतो. गाडीचा पंप तो ओढू शकत नाही. मग गाडीवाला म्हणतो, "साहेब, माणूस उतरवावा लागेल." आणि आपण विचारतो, "किती घेईल?" तो उतरणारा माणूस कोणत्या जातीचा असतो, हे या सभागृहात मी सांगायची गरज नाही. आपल्या विसराळूपणाची किंमत पिढ्यान्‌पिढ्या एकाच समाजाकडून वसूल होते.

म्हणून वेळेवर उपसा हा निगेचा मुद्दा आहे तसा न्यायाचाही आहे. दर तीन वर्षांनी उपसलेली टाकी पातळ असते, पंप ती ओढून घेतो, कोणाला उतरावे लागत नाही.

आणि हे गावपातळीवर जमते का? जमते. आपण विश्वकोशासाठी ओळखतो त्या वाईने करून दाखवले आहे. वाई नगरपरिषदेने २०१८ पासून ठरवून उपसा सुरू केला. कोणाची तक्रार येण्याची वाट पाहायची नाही. भाग पाडायचे, वेळापत्रक लावायचे आणि तीन वर्षांत गावातली प्रत्येक टाकी एकदा उपसायची. गाडी दाराशी येते. खर्च घरपट्टीबरोबरच्या स्वच्छता करातून जातो, दारात घासाघीस नाही. उपसलेला गाळ कृष्णेच्या काठी न ओतता प्रक्रिया केंद्रावर जातो. सिन्नरनेही तीच वाट धरली. हिमालयात लेहला २०१७ सालीच मैल्याच्या गाळाचे प्रक्रिया केंद्र झाले. लेहच्या थंडीत जे जमते ते खरडमध्ये का जमू नये?

थोडक्यात सांगतो. एक, टाकी मापात बांधा, तळ पक्का करा, मधली भिंत गाळू देऊ नका. दोन, बाहेरचे पाणी उघड्या गटारात सोडू नका. मातीत मुरवा, नाहीतर गल्लीने मिळून नळ मागा. तीन, संडासात पाण्याशिवाय काही टाकू नका आणि पाइपला जाळी बांधा. चार, दोन-तीन वर्षांनी यंत्राच्या गाडीने उपसा करा आणि ती गाडी कुठे रिकामी होते ते विचारा. उत्तर देता आले नाही तर ती गाडी परत पाठवा. पाच, काय वाटेल ते झाले तरी माणूस टाकीत उतरू देऊ नका. पहिला नाही आणि त्याला वाचवायला दुसराही नाही. अग्निशमन दलाला बोलवा.

हे सगळे मिळून किती कठीण आहे? मोटारीचे सर्व्हिसिंग आपण तारीख लिहून करतो. विम्याचा हप्ता चुकवत नाही. मग घरच्या विजेच्या मीटरच्या पेटीच्या दारावर आतून एक ओळ लिहायला काय लागते? टाकी कुठे आहे, शेवटचा उपसा कधी झाला, पुढचा कधी करायचा. घर विकाल तेव्हा ती ओळ नव्या मालकाला द्या, गावी आई-वडील राहत असतील तर त्यांच्या घरी तुम्ही जाऊन लिहा. आणि ज्यांच्या वस्तीत मलवाहिनी अजून आलेली नाही, त्यांनी पुढच्या निवडणुकीत मते मागायला येणाऱ्याला वाईचे वेळापत्रक दाखवा आणि आपले कधी लागणार ते विचारा. उत्तर मिळेपर्यंत त्याला दारातून हलू देऊ नका.

प्रश्न असतील तर अवश्य विचारा; या विषयात संकोच परवडत नाही.